मांजराला टॅमीफ्लू द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अहमदपूर तालुक्यातले. घरी एक बोका आणि एक भाटी. कोपऱ्यावरचा चिकनवाला संध्याकाळी दुकान आवरताना कोंबड्यांची आतडी, पाय, मुंडकी बोक्यापुढे टाकतो आणि बोका ती आवडीने खातो. या आठवड्यात गल्लीत दोन-तीन कावळे मरून पडलेले दिसले. कालपासून बोका शिंकतोय, खाणंही कमी झालंय. तुम्ही नेटवर वाचलंत की मांजरांमध्ये सापडलेले बर्ड फ्लूचे विषाणू ऑसेल्टामिव्हिरला, म्हणजे टॅमीफ्लूतल्या औषधाला, दाद देतात. मेडिकलवाला मित्र टॅमीफ्लूची पंचाहत्तरची कॅप्सूल द्यायला तयार आहे. तर त्यातली पावडर किती द्यायची, आणि भाटीलाही आधीपासूनच सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंत.

पावडर किती, ते मी इथे लिहिणार नाही. मित्रालाही म्हणावं, चिठ्ठीशिवाय देऊ नकोस. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पण ते उत्तर विषाणूबद्दलचं आहे आणि तुमचा प्रश्न बोक्याबद्दलचा. या दोहोंत किती अंतर आहे ते सांगण्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी भीतीबद्दल. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं, हे आपल्याकडे बहुतेकांना आठवत असेल. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे पटापट मेले, ते बर्ड फ्लूच्या एच५एन१ या विषाणूने. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचं निष्पन्न झालं. पुढे छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो सापडला. म्हणजे कावळा, कोंबडी आणि मांजर ही साखळी आपल्या भागाला नवी राहिलेली नाही. कावळे मेल्याचं तुम्ही सांगितलंत म्हणूनच तुमचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही.

तरीही, शिंकणारं प्रत्येक मांजर बर्ड फ्लूचं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या शिंकणाऱ्या मांजरांत बहुतेकांना हर्पीस किंवा कॅलिसी या मांजरांच्या नेहमीच्या विषाणूंचं दुखणं असतं. मी पहिलं काम करतो ते तोंड उघडून जीभ बघण्याचं. जिभेच्या कडेला किंवा टोकाला लालसर, सोलल्यासारखे व्रण असतील तर संशय कॅलिसीकडे जातो. डोळे चिकटलेले, पापण्या सुजलेल्या, नाक गच्च, आणि वास येत नाही म्हणून खाणं सुटलेलं, तर बहुधा हर्पीस. अशा मांजरासमोर कोमट केलेलं उकडलेलं चिकन धरलं की ते निदान हुंगायला तरी पुढे येतं. बर्ड फ्लूच्या मांजराला बहुधा त्यातही रस नसतो. ते कोपरा धरून बसतं, अंग तापलेलं असतं, आणि शिंकांपेक्षा धाप जास्त दिसते. पुढे तोल जाणं, एकाच दिशेने गोल फिरणं, झटके, कधी अचानक आंधळं होणं. ही मेंदूकडची लक्षणं आली की मला फार वाईट वाटायला लागतं.

पण नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे आणखी दोन शक्यता उभ्या राहतात, ज्या परदेशी लेखांत फारशा दिसत नाहीत. एक, विष. सोयाबीन-कापसावर फवारणी चालू असते, पंपाचं उरलेलं पाणी कुठेही ओतलेलं असतं, घरोघर उंदरांना औषध घातलेलं असतं. फवारणीच्या औषधाने लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दुसरी, रेबीज. वागणं बदललेलं, तोल जाणारं मांजर अंगावर आलं, चावलं किंवा ओरबाडलं तर बर्ड फ्लूचा विचार बाजूला ठेवून आधी जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा. त्यात चालढकल नको.

घरी तुम्हाला करण्यासारखी एक गोष्ट आहे. बोका झोपलेला असताना त्याच्या बरगड्या मिनिटाला किती वेळा वरखाली होतात ते मोजा. वीस-तीस ठीक. शांत पडून असताना चाळीसच्या वर गेलं, किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. थर्मामीटर लावता येत असेल तर मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाच्या मापाने बघून ताप आलाय असं समजू नका. आणि काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देऊ नका, लहान मुलांचे थेंबसुद्धा नाही. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि मांजर जातं. बर्ड फ्लूच्या भीतीपोटी पॅरासिटामॉल दिलं आणि त्यानेच मांजर गेलं, असं होऊ शकतं.

आता मांजराला हा रोग होतो कसा ते बघू, कारण औषधाचं गणित त्यावरच बसतं. मांजर बहुतेक वेळा तो खाऊन घेतं. २००४ सालीच प्रयोगात दिसलं होतं की संसर्ग झालेली कोंबडी खाल्लेल्या मांजरांना एच५एन१ होतो आणि एकीकडून दुसरीकडेही जातो. त्याच वर्षी थायलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्च्या कोंबड्या खायला घातल्या गेल्या आणि ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. २०२३ मध्ये पोलंडमध्ये मांजरं धडाधड आजारी पडली तेव्हा संशय कच्च्या कोंबडीच्या मांसावर होता, त्याच वर्षी सोलमध्ये बदकाच्या कच्च्या खाद्यावर. २०२४ मध्ये टेक्सासच्या गोठ्यांवरच्या मांजरांनी आजारी गायींचं न तापवलेलं दूध प्यायलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक मेली. देश वेगळे, जनावरं वेगळी, वाट तीच. तुमच्या चिकनवाल्याने टाकलेल्या मुंडक्या आणि आतडी हा त्यातला सगळ्यात जोखमीचा भाग. आजारी पक्ष्यात विषाणू मांसातही असतो, पण डोकं, फुप्फुस आणि आतडी यांत तो खच्चून भरलेला असतो.

आता औषधाकडे येतो. इन्फ्लुएंझावरची औषधं मुख्यतः तीन जातींची. जुनी अमॅन्टाडीन आणि रिमॅन्टाडीन, जी विषाणूच्या अंगावरचं एक छोटं छिद्र बुजवतात. दुसरी ऑसेल्टामिव्हिर, झानामिव्हिर, पेरामिव्हिर ही मंडळी. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना न्यूरामिनिडेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) स्वतःला तोडून मोकळे होतात. ही औषधं ते विकर अडवतात, त्यामुळे तयार झालेला विषाणू पेशीच्या दारातच अडकून बसतो. तिसरं बालोक्साव्हिर, जे पेशीच्या आत विषाणूच्या छपाईचं यंत्रच बंद पाडतं.

विषाणू औषधाला दाद देतो की नाही हे प्रयोगशाळेत कसं ठरवतात? ऑसेल्टामिव्हिरसारख्या औषधांसाठी विषाणूचं न्यूरामिनिडेज एका चमकणाऱ्या रसायनाबरोबर मिसळतात, वेगवेगळ्या मात्रेत औषध घालतात, आणि विकराचं काम निम्म्यावर आणायला किती औषध लागलं ते मोजतात. माहीत असलेल्या साध्या विषाणूपेक्षा हा आकडा दहापटीच्या आत असेल तर विषाणू औषधाला नीट दाद देतो असं धरतात. दहा ते शंभर पट म्हणजे दाद कमी झालेली, शंभराच्या वर म्हणजे फारच कमी. जोडीला विषाणूच्या जनुकांत ओळखीचे बदल आहेत का तेही बघतात. न्यूरामिनिडेजमधला एच२७५वाय हा बदल असला की ऑसेल्टामिव्हिर बोथट होतं. एम२ मधला, म्हणजे त्या छोट्या छिद्राच्या प्रथिनातला, एस३१एन असला की अमॅन्टाडीनचा उपयोग नाही.

या कसोटीवर अलीकडचे बहुतेक एच५एन१ विषाणू ऑसेल्टामिव्हिरला आणि बालोक्साव्हिरला दाद देतात, हे बरोबर आहे. २०१६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या निवाऱ्यांमध्ये सुमारे पाचशे मांजरांना एच७एन२ हा वेगळाच बर्ड फ्लू झाला, तोही दाद देणाराच निघाला. मात्र एक बारकावा इथे नोंदवतो. अमेरिका-युरोपातले आजकालचे अभ्यास मुख्यतः २.३.४.४बी या गटातल्या विषाणूंवर झालेत. छिंदवाड्याच्या मांजरांतला विषाणू २.३.२.१ए या गटातला होता. वेगळा गट म्हणजे औषध चालणार नाही असं नाही, पण तिकडचा निकाल इकडे तसाच्या तसा चिकटवता येत नाही. आणि एकाच गटातही विषाणू बदलतात. २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या काही कोंबडीफार्मवर एच२७५वाय असलेला एच५एन१ सापडला, त्या कोंबड्यांना औषधाचा थेंबही दिलेला नसताना.

आता त्या काचेच्या तबकडीतून तुमच्या बोक्याकडे या. तबकडीत विकर असतं आणि औषध असतं. यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, मेंदू नसतो, आणि घड्याळही नसतं. टॅमीफ्लूच्या पावडरीत असतं ते कच्चं रूप, यकृतात गेल्यावर त्याचं कामाचं औषध होतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. माणसासाठी हे सगळं मोजलेलं आहे. मांजराचं यकृत कित्येक औषधांच्या बाबतीत आपल्याहून वेगळं वागतं आणि मांजरासाठी ऑसेल्टामिव्हिरचा मंजूर डोस नाही. पंचाहत्तर मिलिग्रॅम ही मोठ्या माणसाची एकवेळची मात्रा. तीन-साडेतीन किलोच्या बोक्यासाठी ती पावडर चिमटीने वाटून घेणं म्हणजे सोनाराच्या तराजूचं काम गुळाच्या काट्यावर करणं. शिवाय ती जहरी कडू असते. कडू लागलं की मांजराच्या तोंडाला फेस येतो, ते लाळ गाळत घरभर पळतं, आणि मालकाला वाटतं झटका आला. निम्मं औषध फरशीवर, निम्मं पोटात. किती गेलं, देव जाणे.

घड्याळाचं तर आणखी कठीण. माणसांतसुद्धा हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण ते नव्या विषाणूंची पैदास रोखतं, झालेलं नुकसान भरून काढत नाही. मांजर आजार लपवण्यात पटाईत. ते सुस्त पडलंय हे आपल्या लक्षात येईतो एक-दोन दिवस गेलेले असतात, आणि एच५एन१ने आजारी पडलेली मांजरं बरेचदा पुढच्या काही दिवसांतच जातात. त्यात अहमदपूरहून नमुना निघून पुण्यामार्गे भोपाळला पोचणार, मग अहवाल येणार. म्हणजे औषधाचा निर्णय अहवालाच्या आधीच, नुसत्या अंदाजावर घ्यावा लागतो. मेंदूत ऑसेल्टामिव्हिर फार कमी पोचतं आणि मांजरांत हा विषाणू मेंदूकडे धाव घेतो, ही आणखी एक अडचण. थायलंडच्या त्या वाघांना ऑसेल्टामिव्हिर देऊन पाहिलं होतं, उपयोग दिसला नाही. उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत बालोक्साव्हिर ऑसेल्टामिव्हिरपेक्षा सरस ठरलं. पण विषाणू तोंडावाटे गेलेल्या उंदरांना वाचवणं सगळ्यात अवघड गेलं. तुमच्या बोक्याची वाटही तीच, तोंडावाटेची.

मग मी हे औषध कधीच देणार नाही का? तसंही नाही. परिसरात बर्ड फ्लूची खात्री झालेली असेल, मांजराने मेलेला पक्षी किंवा कच्ची आतडी खाल्ल्याचं नक्की असेल, ताप १०४च्या वर असेल, धाप लागलेली असेल पण मेंदूची लक्षणं अजून नसतील, आजार पहिल्या-दुसऱ्या दिवसातला असेल, पशुसंवर्धन खात्याला कळवलेलं असेल आणि मांजर वेगळं ठेवायची सोय असेल, तर मालकाला सगळं स्पष्ट सांगून, वजन करून, सलाईन आणि प्राणवायूच्या जोडीने मी ते देण्याचा विचार करीन. यातली एक-दोन कलमं गळाली तरी माझा हात आखडतो. दुसरा कोणी अनुभवी डॉक्टर थोडा सढळ असेल. यात मतभेदाला जागा आहे. पार्वो हा वेगळ्याच विषाणूचा आजार झालेल्या कुत्र्याच्या पिल्लांना काही डॉक्टर ऑसेल्टामिव्हिर देतात. पार्वोमध्ये न्यूरामिनिडेज नसतंच, त्यामुळे मला तो वापर फारसा पटत नाही.

घरोघर हे औषध जनावरांना देऊ नका म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे. अर्धवट मात्रेत, अर्धवट दिवस दिलेलं औषध हे विषाणूला शिकवणीसारखं असतं. २००५ मध्ये चीनमध्ये कोंबड्यांना अमॅन्टाडीन घातल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि आज ते औषध कित्येक विषाणूंवर चालत नाही. अमेरिकेने २००६ मध्येच कोंबड्या, टर्की आणि बदकांत अमॅन्टाडीन आणि ऑसेल्टामिव्हिर या दोन्ही जातींची औषधं वापरायला बंदी घातली. उद्या माणसांत हा विषाणू पसरला तर हाताशी असलेलं औषध हेच आहे.

तुम्ही जाता जाता विचारलंत, की मांजरांच्या एफआयपीवर आता औषध निघालंय, मग तेच इथे का नाही? एफआयपी हा मांजरांच्या कोरोनाविषाणूचा आजार आहे आणि जीएस-४४१५२४ त्या विषाणूच्या यंत्रणेवर काम करतं. फ्लूवर त्याचा भरवसा धरू नका. त्या औषधाने आठवडेच्या आठवडे मांजर सांभाळायला वेळ मिळतो. बर्ड फ्लू तेवढी उसंतच देत नाही.

आता तुम्ही आज काय करायचं. बोक्याला एका खोलीत बंद करा, त्याची भांडी आणि वाळू वेगळी ठेवा. एकाच माणसाने त्याची देखभाल करावी, मास्क आणि हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवून. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं त्या खोलीपासून लांब. त्याला कुरवाळायची सवय असेल तर चार दिवस आवरा. चिकनवाल्याला हात जोडून सांगा की कच्चं काही टाकू नकोस. मांजराला मांस द्यायचंच तर आतपर्यंत नीट शिजवलेलं द्या. सत्तर अंश सेल्सियसवर हा विषाणू टिकत नाही. दूधही उकळलेलंच.

मेलेल्या कावळ्यांना हात लावू नका, उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकू नका. १९६२ वर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने घ्यायचे तर ते त्यांनीच घ्यावेत. उदगीर आणि परभणी या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मांजर दाखवता येतं. पण निघण्याआधी फोन करून कावळ्यांचं आणि कच्च्या आतड्यांचं सांगा, म्हणजे तुमचं मांजर बाकीच्या जनावरांच्या रांगेत बसवणार नाहीत. कळवलं तर आपल्यावर काही बालंट येईल म्हणून लोक गप्प बसतात. एक किलोमीटरच्या परिघात कोंबड्या मारतात हे बघितलेलं असतं, म्हणून ती भीती मला कळते. पण कोंबड्यांना भरपाईची तरतूद असते.

माणसांचं म्हणाल तर मांजराकडून माणसाला हा रोग क्वचितच होतो. न्यूयॉर्कच्या त्या प्रकरणात आजारी मांजरांना हाताळणाऱ्या एका पशुवैद्याला तो झाला होता, सौम्य. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, आणि कच्च्या मांसाचा धोका माणसालाही आहेच. मार्च २०२५ मध्ये आंध्रातल्या पलनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी एच५एन१ने गेली, तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता. बोक्याच्या संपर्कातल्या कोणाला पुढच्या दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल होणं दिसलं, तर डॉक्टरांना आधी मांजराचं आणि कावळ्यांचं सांगा. टॅमीफ्लूची गरज खरोखर पडली तर ती तिथे पडेल, आणि माणसाच्या बाबतीत डोस, दिवस सगळं ठरलेलं आहे.

भाटीला आधीच औषध सुरू करू नका. ती आतडी खात नव्हती असं तुम्ही लिहिलंत, तो मोठा दिलासा. तिला वेगळ्या खोलीत ठेवा, बोक्याकडून आल्यावर कपडे बदलून तिच्याकडे जा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचं खाणं आणि श्वास बघा. बोक्याचे व्रण, डोळे, श्वासाची मोजणी आणि तापमान इथे खाली लिहा. जिभेचा फोटो स्पष्ट आला तर तोही टाका, बॅटरीच्या उजेडात आणि बाजूने काढलेला. मी रात्री उशिरा बघतो. श्वास चाळीसच्या वर असेल तर मात्र माझ्या उत्तरासाठी थांबू नका, आधी फोन करून थेट उदगीरला न्या.